तीन इंच माया

मास्तरांचं माप कधी चुकत नाही. दुकानाच्या उंबऱ्यात माणूस उभा राहिला की टेप गळ्यातच राहते आणि मास्तर सांगून मोकळे होतात, "कंबर चौतीस, लांबी चाळीस, आणि डावा खांदा उतरलाय. पिशवी त्याच हातात धरता ना?" गिऱ्हाईक ओशाळून पिशवी दुसऱ्या हातात घेतं.

मास्तरांचा दुसरा अभिमान म्हणजे माया. संतसज्जन सांगतात, माया सोडा. मास्तर सांगतात, माया ठेवा. शिवणीच्या आत, विजारीच्या पायाशी जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात; ती सोडली म्हणा की ठेवली म्हणा, अर्थ एकच. पोरं वाढतात, पोटं सुटतात, दिवस पालटतात. आत माया असली की उसवून वाढवता येतं. "वर बसलेल्या कारागिराचीही हीच रीत," असं मास्तर गिऱ्हाइकाला ऐकवत. "प्रत्येकाला शिवताना त्याने थोडी माया आत ठेवलेली असते."

मास्तरांना शिवताना मात्र त्याला कापड कमी पडलं असावं. ते मास्तरीणबाईंपेक्षा अडीच इंचांनी बुटके. लग्नाच्या फोटोत दोघं बरोबरीची दिसतात, कारण फोटोवाल्याने मास्तरांना ठोकळ्यावर उभं केलं होतं. म्हणून तर फोटो गुडघ्यांपाशी संपतो. पंचवीस वर्षांत हा विषय घरात निघाला नव्हता, आणि निघाला तो असा.

एका दुपारी मास्तर जेवायला घरी आले, तर स्वयंपाकघरातून मास्तरीणबाईंचा आवाज येत होता. फोनवर त्यांची धाकटी बहीण होती.

"बुटकाच आहे गं," मास्तरीणबाई म्हणत होत्या. "लग्नाच्या घाईत कुणी नीट माप घेतलंच नाही. तीन इंच उंच असता ना, तर माझी पंचवीस वर्षं सुखात गेली असती. वाकून वाकून कंबर गेली माझी. आता काय करतेस, पदरी पडलं आणि पवित्र झालं. पुसूनबिसून स्वच्छ ठेवते, झालं."

मास्तर दारातच थिजले. कालच तर मास्तरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा दोरा झटकला होता, आणि शर्टावरचा खडूही पुसला होता. पुसूनबिसून! बरं, तीन इंचांचं दुःख एक वेळ सोसवलं असतं. पण जी बाई पंचवीस वर्षांत "अहो" आणि "ते" यांच्या खाली उतरली नव्हती, ती धाकट्या बहिणीपाशी सरळ "बुटकाच आहे, उंच असता" म्हणते? माणसाची उंची कमी असली तर असो, पण त्याचं आदरार्थी बहुवचनही जावं?

मास्तर न जेवता दुकानात परतले. उसवून वाढवणं हा ज्याचा धंदा, तो स्वतःसाठी उपाय शोधणार नाही तर कोण? दोन दिवसांत त्यांना कळलं की परदेशात पाय लांब करून मिळतात. हाड मधोमध तोडायचं, दोन्ही तुकडे खिळ्यांनी धरायचे आणि रोज मिलिमीटरभर ताणायचं. मधल्या फटीत नवं हाड आपोआप भरत जातं. मास्तरांनी मनोमन हात जोडले. म्हणजे कारागिराने माया ठेवली होती तर. फक्त हाडाच्या आत, सहज दिसणार नाही अशी.

मग त्यांनी देशोदेशीचे भाव काढायला सुरुवात केली. बर्फाच्या देशात अकरा लाख, पण खोलीला खिडकी. वाळूच्या देशात नऊ, सोबतच्या माणसाचं जेवण फुकट. बेटावर सात, आणि पलंगावरून समुद्र दिसतो. आणखी एका देशात पाचातच करत होते, पण फोनवर मागे करवतीचा आवाज येत होता म्हणून मास्तरांनी तो देश सोडला. चौकशी त्यांनी आपल्या पद्धतीने केली. भाव कापड आणि शिलाई धरून, की दोन्हींचा वेगवेगळा? दोन्ही बाजू सारख्या येतील याची हमी काय? आणि धुतल्यावर आटत तर नाही ना?

"सर, पाय आटत नाहीत," पलीकडची गोड आवाजाची बाई म्हणाली.

दुकानात काजं-बटणं करायला एक काकू बसत. वीस वर्षं त्याच कोपऱ्यात, तोंडात दोरा आणि कान सगळीकडे. मास्तर फोनवर बोलत ते त्यांनी ऐकलं, पण एकाच बाजूचं.

"हो, दोन्ही पाय. प्रत्येकी तीन इंच वाढवायचे," मास्तर म्हणाले. "नको हो, अकरा फार होतात. बेटावाले सात म्हणतात. मी सातावर खूश आहे."

काकूंच्या तोंडातला दोरा गळून पडला. संध्याकाळी त्या तडक मास्तरांच्या घरी.

"वहिनी, मास्तरांना परदेशातून विजारींचं काम आलंय. तीन तीन इंच पाय वाढवायचे. बेटावरचे लोक सात लाख देतायत आणि बर्फातले अकरा."

"अकरा लाख?" मास्तरीणबाई खालीच बसल्या. "किती विजारी म्हणायच्या?"

"जहाजभर तरी असतील. पण गंमत ऐका. मास्तरांनी अकरावाल्यांना नको म्हटलं. फार होतात म्हणे."

"देवमाणूस आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "पण इतकं देव असूही नये," असं म्हणून कामाला लागल्या.

जेवताना त्यांनी विषय काढला. "काकू सांगून गेल्या मला."

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "काय सांगितलं?"

"पायांचं. सात-अकराचं. मला म्हणायचंय, अकरा सोडून सातावर का अडलात? कमीपणा घ्यायची सवयच लागलीय तुम्हाला."

मास्तरांनी स्वस्तातलं बघितलं होतं, आणि ही बाई त्यांच्या पायांवर अकरा लाख ओतायला तयार होती. "तुला एवढं वाटतं?"

"पंचवीस वर्षं वाटतंय. बोलून दाखवलं नाही इतकंच. आता तरी या घरात जरा उंची येऊ दे."

"येईल," मास्तर म्हणाले. "तीन महिने लागतील. आधी तोडतात, मग रोज थोडं थोडं ताणतात."

"ताणतात? उसवत नाहीत? आत माया नसेल ठेवलेली."

"आहे म्हणतात, पण फार आत."

"मग काकूंना हाताशी घ्या. टाके त्याच घालतील."

"काकू? टाके?"

"त्यांच्यासारखे बारीक टाके आहेत का कुणाचे? घातलेत हे कळायचंसुद्धा नाही. आणि त्यांना चार पैसे द्या म्हणजे झालं."

मास्तरांच्या पोटऱ्यांवर काटा आला. पण बायकोने एवढ्या मायेने सुचवलेलं, नाही कसं म्हणायचं? ते नुसतं "बघू" म्हणाले आणि पाय पोटाशी ओढून घेतले.

आता प्रश्न अकरा लाखांचा होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शेजारच्या घड्याळवाल्याला गाठलं. त्याचा त्यांच्या गाळ्यावर फार दिवसांचा डोळा होता.

"गाळा घेता का? अकरा लाख."

घड्याळवाल्याने डोळ्यावरची भिंगाची वाटी काढली. "मास्तर, दुकान विकून तुम्ही काय करणार?"

"उभा राहणार," मास्तर म्हणाले. "बायकोच्या शेजारी. ताठ."

घड्याळवाल्याला काही उलगडलं नाही, पण भाव पटला. "कागद घेऊन या. आजच सह्या करू."

वडिलांनी मांडलेलं दुकान. पहिलं मशीन अजून कोपऱ्यात उभं. शटरला हात लावताना मास्तरांचा हात जरा रेंगाळला, पण पुसूनबिसून ठेवल्याचे शब्द आठवले आणि ते झपाझप घराकडे निघाले. दाराशी पोचतात तोच आतून एका परक्या माणसाचा जाड आवाज आला.

"मधोमध घाव घातला की एका दणक्यात तुटेल. मग तीन इंच वर घेऊ."

"दुसरा उपाय नाही ना?" हा मास्तरीणबाईंचा आवाज.

"नाही. पहिल्या घावाला जरा आवाज करेल, मग गप्प. त्यानंतर आठ दिवस त्याच्यावर भार टाकायचा नाही."

"तोडा मग. मन घट्ट केलंय मी. पंचवीस वर्षं सोसलंय त्याला."

त्याला! पुन्हा एकवचन. बर्फ नाही, बेट नाही, खिडकी नाही. घरच्या घरी, आणि काकूंचे टाके! आत धाडकन आवाज झाला तसे मास्तर ओरडतच घुसले, "थांबा! मी परदेशात करून घेतो. अकरा लाख देतो, पण या माणसाला हात लावू देऊ नका!"

स्वयंपाकघरात धुरळा उडाला होता. हातात घण घेतलेला गवंडी वळून बघत राहिला. त्याच्या पायाशी ओटा दुभंगून पडला होता.

"अकरा लाख?" गवंडी म्हणाला. "मालक, विटांचा एक थर चढवायचाय. दोन दिवसांची मजुरी द्या म्हणजे झालं. परदेशात ओटा न्यायचा तरी कसा?"

"ओटा?" मास्तर म्हणाले.

"ओटाच की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लग्नाच्या घाईत तुमच्या बाबांनी तुमच्याच मापाने बांधून घेतला. माझं माप घेतलं कुणी? पंचवीस वर्षं वाकून भांडी घासतेय. म्हटलं, तुमचे अकरा लाख येतायत तर तीन इंच वाढवून टाकावा."

"येतायत? अगं, जाणार होते!"

मग एकेक टाका उसवत गेला. फोन, बहीण, बेट, बर्फ, काकू. मास्तरीणबाई आधी हसल्या, मग गाळ्याचं ऐकून पदर तोंडाला लावून रडल्या, आणि पुन्हा हसल्या. गवंडी घणावर हनुवटी टेकून सगळं मन लावून ऐकत होता.

"अहो," मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला मी 'तो' म्हणेन का कधी?"

मास्तरांनी मान खाली घातली. माप न चुकणाऱ्या माणसाने ओट्याचं माप स्वतःला लावून घेतलं होतं.

"आणि तुमचं माप मी लग्नाआधीच घेतलं होतं. फोटोवाल्याने ठोकळा आणला तेव्हा मी नको म्हणत होते. तुम्हीच चढलात."

"मग मी आता काय करू?" गवंड्याने विचारलं. "तोडलाय तर खरा."

करणार काय? बांधून घेतला. घड्याळवाला दोन दिवस फुरंगटला, मग स्वतःची विजार अल्टर करायला घेऊन आला. मास्तरांनी फुकट करून दिली आणि आत चांगली दोन बोटं माया ठेवली. काकूंना मात्र अजून वाटतं की मास्तरांनी भोळेपणाने जहाजभर काम घालवलं.

ओटा छान झाला. मास्तरीणबाई ताठ उभ्या राहून भांडी घासतात. एवढंच झालं की सकाळचा चहा लग्नापासून मास्तर करतात, आणि आता ओटा त्यांच्या छातीशी येतो. पहिल्या दिवशी त्यांना पातेल्यात काय चाललंय ते दिसलंच नाही. तेव्हा गवंड्याच्या उरलेल्या दोन विटा त्यांनी शेगडीपुढे मांडल्या. उंची बरोबर तीन इंच, आणि कुठल्याही देशापेक्षा स्वस्त.

त्या विटांवर मास्तर मास्तरीणबाईंपेक्षा अर्धा इंच उंच होतात. कमरेवर हात ठेवून ते तिथे असे प्रसन्न उभे राहतात की मास्तरीणबाई येता-जाता हात जोडतात.

"देवा, चहा उतू चाललाय."

मास्तरांना ऐकू येतं. पण गॅसचं बटण फिरवायला कमरेवरचा हात काढून वाकावं लागेल, आणि एवढ्या उंचीवरून लगेच खाली यायला मन होत नाही.