माणशी स्वस्त पडते

मोहर्लीच्या बापूराव रामटेके यांनी बायकोला मद्रासला न्यायचं ठरवलं, तेव्हा जाणारी माणसं दोन होती आणि तिकिटंही दोनच लागणार होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मद्रासला केसरबाईंची मोठी बहीण राहत होती, वच्छला. केसरबाई तिला बाई म्हणत. तिचा नवरा भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तो बदली होऊन तिकडे गेला, तिकडेच रिटायर झाला आणि तिकडेच वारला. मुलाला तिथेच नोकरी, त्यामुळे वच्छलाबाई काही परत आल्या नाहीत. दोघी बहिणींची अकरा वर्षांत भेट नव्हती. आता वच्छलाबाईंना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेलेला, डावा जायच्या बेतात. दिवाळीपर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"केसर," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मोबाईलात तुझं तोंड मले नुसतं गोल दिसते. एकडाव खरंखरं पाहू दे."

त्या दिवशी केसरबाई जेवल्या नाहीत. बापूरावांनाही वाईट वाटलं. माणूस मनाचा चांगला होता. अठ्ठावीस वर्षं ताडोब्यात गाईड म्हणून त्याने देशोदेशीच्या लोकांना वाघ दाखवला होता, पण बायकोला बल्लारशाच्या पुढे काही दाखवलं नव्हतं. आता दाखवायचं आणि कमी खर्चात दाखवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तारीख ठरली जुलैची, कारण पावसाळ्यात जंगलाचं गेट बंद असतं आणि गाईडला काम नसतं.

बापूराव स्वतः चंद्रपूरच्या स्टेशनवर जाऊन रिझर्वेशनचा फॉर्म घेऊन आले. घरी येऊन चष्मा लावून त्यांनी तो पाहिला. फॉर्मवर प्रवाशांच्या नावांसाठी सहा ओळी होत्या. बापूराव त्या सहा ओळींकडे बराच वेळ बघत राहिले, आणि इथेच सगळं बिघडलं.

याचं कारण जिप्सी. ताडोब्याच्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात. दोघं बसले तरी गाडीचं भाडं तेवढंच आणि सहा बसले तरी तेवढंच. त्यामुळे दोघंच आलेलं जोडपं गेटवर उरलेली चार माणसं शोधत फिरतं. बापूरावांनी अशी कितीतरी अनोळखी माणसं एका गाडीत बसवून त्यांचे पैसे वाचवले होते. रिकामी सीट घेऊन जंगलात शिरणारी गाडी त्यांना अजून बघवत नसे.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. संघप्रिया चंद्रपूरला एका लॅबमध्ये नोकरी करायची.

"बाबा, मोबाईलवर पाहून राह्यली मी. दोन सीट हायेत, दोन्ही खालच्या. काढून टाकू का?"

"थांब जरा."

"काऊन?"

"फॉर्मवर सहा ओळी हायेत. चार माणसं अजून पाहतो. माणशी स्वस्त पडते."

"बाबा, रेल्वे म्हणजे जिप्सी नोहे. तिथी माणसामागं भाडं लागते."

"मले सांगू नको. मंग सहाच ओळी काऊन ठेवल्या त्यायनं? पाच ठेवाच्या, दहा ठेवाच्या."

ती म्हणाली, "आईले इचारा." बापूरावांनी विचारलं नाही, कारण एवढ्या सोबतीचा आनंद केसरबाईंना अचानक द्यायचा होता.

पहिला सोबती मिळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जंगू मडावी वीस वर्षं बापूरावांच्या शेजारी बसून जिप्सी चालवत होता. तो नुसतं "चला" म्हणाला. कुठे, हे त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

दुसरे गुणवंतराव. त्यांचं शेत बापूरावांच्या शेताला लागून होतं. त्यांना समुद्र पाहायचा होता, पण धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्याशिवाय गाव सोडता येत नव्हतं. म्हणजे जुलै गेला. "पोरीच्या लग्नापासून कुठी गेलो नाई बापूराव," ते म्हणाले, "तुमी न्याल तर तुमच्यासंगच." असं म्हटल्यावर बापूरावांना तारीख पुढे ढकलण्यावाचून इलाज राहिला नाही. गुणवंतरावांबरोबर त्यांची बायको भागीरथा आलीच. तिने एकच अट घातली, की बाहेरचं अन्न ती खाणार नाही आणि नवऱ्यालाही खाऊ देणार नाही.

तारीख ऑगस्टच्या अखेरीला गेल्याचं केसरबाईंना कळलं तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या.

"गुणवंतभाऊचं रोवणं होतपर्यंत बाईचा डोळा थांबते काय?" त्यांनी विचारलं.

"महिन्याचाच तर प्रश्न हाये. पण सोबत पाहा ना कशी झाली."

केसरबाईंना सोबत नको होती, बहीण हवी होती. पण चार माणसं तयार झाल्यावर एका माणसाने काय बोलायचं.

आता एकच ओळ रिकामी होती. शहाण्या माणसाने ती रिकामी सोडली असती. बापूरावांना ती रात्रंदिवस टोचत होती. संघप्रिया रोज सांगायची, सीटा कमी होऊन राह्यल्या. बापूराव म्हणायचे, एकच माणूस, आलाच समज. आठ दिवस त्यात गेले. शेवटी जंगूने त्याच्या ओळखीचा पोचू आणला. पोचू मूळचा सिरोंच्याचा, मोहर्लीत एका रिसॉर्टवर माळीकाम करायचा.

"याले तेलुगू येते," जंगू म्हणाला.

"मद्रासले तेलुगू चालते?"

"शेजारचीच तं हाये भाषा," पोचू शांतपणे म्हणाला. "हळूहळू बोललं की समजते."

सहा ओळी भरल्या. बापूरावांनी केसरबाईंचं नाव पहिलं लिहिलं, कारण काम तिचं होतं, आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी, कारण गाईडने आधी पाहुणे मोजायचे असतात. इस्त्री केलेला शर्ट घालून ते चंद्रपूरला खिडकीवर गेले.

खिडकीतल्या बाबूने फॉर्म पाहिला. "चाचा, वेटिंग आहे. एक्केचाळीसपासून सेहेचाळीस."

"मागच्या महिन्यात तर दोन सीट होत्या."

"तेव्हा घ्यायच्या ना मग. आणि तुम्ही दोघंच म्हातारा-म्हातारी असते तर वयस्करांच्या कोट्यात खालच्या सीट बघता आल्या असत्या. सहा जणांना तो कोटा नाही."

बापूरावांनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी आपल्या मनातला खरा प्रश्न विचारला. "सहा जणं हावो. माणशी किती कमी होईन?"

"कमी कशाला होईल? एकाचे जेवढे, त्याच्या सहापट."

मागे रांग होती. माणसं खाकरू लागली. त्या क्षणी बापूरावांना आपली चूक पूर्णपणे समजली. पण चूक समजणं आणि गुणवंतरावांना नाही म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भागीरथाने एव्हाना चिवड्याचे पोहे वाळत घातले होते. पोहे वाळत घातलेल्या बाईला तू येऊ नको म्हणायची हिंमत मोहर्लीत कुणाची नव्हती. बापूरावांनी सहाही तिकिटं घेतली. परतीची तारीख जायच्या तारखेनंतरच्या आठवड्यातली, मधल्या वारची होती. ती गाडी रिकामी होती, तिची सहाच्या सहा तिकिटं पक्की मिळाली.

"येणं पक्कं हाये," त्यांनी घरी येऊन सांगितलं. "जाणं होऊन जाईन."

पुढचा महिना सगळ्यांनी वेटिंगवर काढला. जंगू रोज संध्याकाळी संघप्रियाला फोन लावून वेटिंगचा आकडा विचारायचा. एकतीस झाले, बावीस झाले, बारा झाले. बापूरावांचा उत्साह परत आला. वाघ न दिसलेल्या पर्यटकांना ते जे सांगत, तेच आता सगळ्यांना सांगू लागले, की शेवटच्या पंधरा मिनिटांत दिसते. केसरबाईंनी बहिणीसाठी घरचे एचएमटी तांदूळ पाच किलो पाखडून ठेवले. त्या दुसरं काही करत नव्हत्या.

जायच्या दिवशी गाडी दुपारची होती. बल्लारशापर्यंत एक मोठी गाडी ठरवली होती. तिचं भाडं सहांत वाटल्यावर खरोखरच माणशी स्वस्त पडलं, आणि बापूराव सकाळपासून पहिल्यांदा हसले. भागीरथाने दोन दिवसांच्या भाकरी, चिवड्याचा डबा, लसणाची चटणी आणि प्यायचं पाणी एवढं घेतलं होतं की जंगूला चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसावं लागलं. जंगलातल्या रस्त्याला रेंज नव्हती. चंद्रपूर जवळ आलं तसा बापूरावांचा फोन वाजला.

"बाबा, चार्ट लागला," संघप्रिया म्हणाली. "एकच कन्फर्म झालं. आईचं. बाकी पाचही वेटिंगवरच राह्यले."

बापूरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. गाडीतली माणसं त्यांच्याकडे बघत होती. गुणवंतरावांनी विचारलं, "दिसला काय?" त्यांच्या मनात अजून शेवटची पंधरा मिनिटं होती.

बल्लारशाला बापूराव टीसीला भेटले, चौकशीच्या खिडकीला भेटले, टीसीला पुन्हा भेटले. सगळ्यांनी एकच सांगितलं. वेटिंगवाल्यांना आता स्लीपरच्या डब्यात चढू देत नाहीत, जनरलमध्ये जायचं तर जा. आधीची एक गाडी समोर उभी होती, तिचा जनरलचा डबा सगळ्यांनी पाहिला. दारात माणसं पाय बाहेर सोडून बसली होती. भागीरथा ते पाहून परत आली आणि चिवड्याच्या डब्यावर बसली.

"बापूभाऊ, तुमी जा वहिनीसंग," जंगू म्हणाला. "जनरलात घुसा कसेबी. आमी जातो वापस."

बापूरावांनी नाही म्हणून मान हलवली. चार माणसं आपल्या शब्दावर घरातून निघाली आणि त्यांना फलाटावर सोडून गाईड पुढे गेला, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "सगळे जाऊ, नाई तं कोणीच नाई. पुढच्या महिन्यात पाहू."

"पुढच्या महिन्यात धान पोटरीवर येते, शेत सोडता येत नाई," गुणवंतराव म्हणाले.

"मंग दिवाळी झाल्यावर जाऊ."

दिवाळी म्हटल्यावर केसरबाई उठल्या. इतका वेळ त्या बाकाच्या टोकावर तांदळाची पिशवी धरून बसल्या होत्या.

"माझं नाव हाये ना त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"हाये. तुझं एकटीचंच हाये."

"मंग मी जातो."

मग सगळे एकाच वेळी बोलू लागले. गुणवंतराव म्हणाले, दिवस वाईट आहेत. भागीरथा म्हणाली, बाईमाणूस एकटी कशी जाईल. पोचू म्हणाला, भाषेचं कसं होईल. केसरबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग फक्त नवऱ्याकडे बघितलं.

"अवो, फॉरेनच्या बाया येतात तुमच्याकडं. एकट्या. त्यायची भाषा कोणाले समजत नाई. घरी येऊन तुमी त्यायची तारीफ करता, केवढी हिंमत म्हणून. वाघाच्या जंगलात नेता त्यायले. मी तर बहिणीकडं जाऊन राह्यली."

तेवढ्यात गाडीची घोषणा झाली.

केसरबाईंनी आपली पिशवी आणि तांदूळ घेतले. भागीरथाने पुढे केलेल्या भाकऱ्यांतल्या चार घेतल्या. जंगूने त्यांना सीटपर्यंत नेऊन बसवलं. खिडकीजवळची जागा होती. बापूराव बाहेरून खिडकीला लागून उभे राहिले. बायकोला काय सांगावं ते सुचेना, तेव्हा अठ्ठावीस वर्षं पाठ असलेलं तेवढंच तोंडून बाहेर पडलं.

"हात बाहेर काढू नको. मधात कुठी खाली उतरू नको. जोरानं बोलू नको. कोणी काई देलं तर खाऊ नको."

"माहीत हाये," केसरबाई म्हणाल्या. "तुमी जेवून घ्या."

गाडी गेली. पाच जण फलाटावर राहिले. थोड्या वेळाने भागीरथाने डबे उघडले आणि सगळे तिथेच जेवायला बसले. पोचूने मधेच विचारलं, "आपलं येण्याचं तिकीट मातर पक्कं हाये ना?" बापूरावांनी हो म्हटलं. जिथे गेलेच नव्हते तिथून परत यायच्या पाच पक्क्या सीटा त्यांच्या खिशात होत्या. त्या त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच रद्द करून टाकल्या.

केसरबाईंचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. बापूराव ओट्यावर बसले होते. गुणवंतराव, जंगू आणि पोचू चौकशीला म्हणून येऊन बसले होते.

"पोहोचली मी. भाचा आला होता घ्याले."

"त्रास झाला काय?"

"कायचा त्रास. खिडकीपाशी बसली होती. कोणी काई बोलत नव्हतं. लय दिवसांनी अशी बसली." मग त्या बहिणीचं सांगू लागल्या. "बाईनं मले उजेडात नेऊन उभं केलं, तोंड हातात धरून पाह्यलं. म्हणे, केसर, तू तर म्हातारी झाली. मंग दोघी लय रडलो."

बापूरावांनी डोळे पुसले. आवाज सावरून ते म्हणाले, "पाच तिकिटं रद्द केली. तुझं तेवढं ठेवलं हाये. पुढच्या आठवड्यात निघ."

पलीकडे केसरबाई बहिणीशी काहीतरी बोलल्या, मग फोनवर आल्या.

"माझं बी रद्द करा," केसरबाई म्हणाल्या. "बाईले दिसते तवर मी इथी राहतो. मंग येतो."

"मंग मी काय करू इथी?"

"तुमी या ना. बाईनं तुमाले बी पाहाचं म्हटलं हाये."

"येतो," बापूराव म्हणाले. "पाहतो तारीख."

"पण एकटे या."

फोन बंद झाला. तिघे उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत होते. गुणवंतराव सरकून जवळ आले. त्यांना अजून समुद्र पाहायचा होता.

"काय म्हणे वहिनी?"

बापूरावांनी फोन खिशात ठेवला.

"काई नाई," ते म्हणाले. "तिकडं लय गर्दी हाये म्हणे."