धाकटीचं पळून जाणं

"लग्नाला माणसं लागतात किती? तीन! नवरा, नवरी आणि फोटो काढणारा. चौथं माणूस आलं की गोंधळ सुरू," धाकटीनं छातीठोकपणे सांगितलं.

समोर बसलेल्या लिफ्टवाल्यानं मान हलवली. तो कशालाही मान हलवायचा. शहरातल्या साठ-सत्तर इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचं काम एकट्याच्या डोक्यावर असलेल्या माणसात वाद घालायचं त्राण उरत नाही. धाकटीला त्याचा हाच गुण आवडला होता.

आता ही दोघं पळून जाणार होती ती कुणाचा विरोध होता म्हणून नव्हे. विरोध असता तर काय हवं होतं! घरात एवढा उत्साह होता की त्या उत्साहानंच धाकटी अर्धमेली झाली होती. लिफ्टवाला आईला पहिल्या भेटीतच पसंत पडला. दुसऱ्या भेटीत तो 'जावईबापू' झाला आणि तिसऱ्या भेटीला आईनं कोरी वही काढून पाहुण्यांची यादी लिहायला घेतली.

धाकटीच्या आधी तीन बहिणींची लग्नं झाली होती आणि तिन्ही लग्नांनी तिचा जीव काढला होता. थोरलीच्या लग्नात तिनं दोन दिवस खुर्च्या मोजल्या. मधलीच्या लग्नात नवऱ्याकडच्या आत्याबाईंची हरवलेली पर्स तीन तास शोधली. ती आत्याबाईंच्याच खांद्यावर होती. तिसरीच्या लग्नात तर ती सगळ्यांच्या फोटोत उभ्या उभ्या झोपली! तो फोटो अजून बैठकीच्या भिंतीवर आहे. "ही मुलगी आजारी होती का?" असं येणारा-जाणारा विचारतो.

आणि आता तिचं स्वतःचं लग्न. आईची यादी चारशेवर गेली होती. त्यात 'येणार नाहीत, पण बोलावलं नाही तर रागावतील' असं एक वेगळं पान होतं, आणि तेच सगळ्यात जास्त भरलं होतं.

म्हणून डोंगर. म्हणून फोटोग्राफर.

हा फोटोग्राफर डोंगरावर नेऊन दोघांचंच लग्न लावून द्यायचा. जागा तो शोधणार, वेळ तो ठरवणार, फोटो तो काढणार. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, श्वास जपून वापरावा तसं बोलणारा माणूस. तीसेक वर्षं त्यानं मोठमोठ्या हॉलमधली लग्नं टिपली होती. मग एकदा कुणाच्या तरी काकांनी, कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून, त्याला एकाच घोळक्याचा फोटो अकरा वेळा काढायला लावला. बारावा न काढताच तो जो निघाला तो डोंगरावर जाऊन थांबला.

"मला आता दोनच माणसं झेपतात," त्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं.

हे ऐकून धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासारखं कुणीतरी आहे जगात!

प्रश्न होता बेत ठरवायला भेटायचं कुठं. घरी शक्यच नव्हतं. धाकटी मामाच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. मामा बाहेर गल्ल्यावर आणि ही आत, पडद्याआडच्या खोलीत. फोटोग्राफर गिऱ्हाईक बनून आला आणि तपासायच्या खुर्चीवर बसला.

"खालची ओळ वाचा!" धाकटी मोठ्यानं म्हणाली. मग हळूच, "गुरुवार चालेल?"

"गुरुवार उत्तम," तो पुटपुटला. मग मोठ्यानं, "प... ट... ल..." आणि पुन्हा हळूच, "साडेआठला पठारावर धुकं फाटतं. वीस मिनिटं झकास उजेड असतो. त्यात उरकायचं."

"त्याच्या वरची ओळ! चढ किती आहे?"

"दीड तासाचा. ग... म... नवरदेवांना चढायची सवय आहे?"

"रोज वीस मजले वर जातो तो."

"पायी?"

"लिफ्टनं."

फोटोग्राफरनं नाकावरची तपासायची फ्रेम काढली आणि तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं. "मग सहाला निघू," तो म्हणाला.

अशा चार भेटी झाल्या. डोंगरावर अंगठ्या घालायच्या, दुसऱ्या दिवशी कचेरीत सह्या करायच्या आणि मग घरी फोन करून कळवायचं. बेतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त मामा होता.

"काय गं, या माणसाचे डोळे गिधाडासारखे तेज आहेत. दर वेळी नंबर शून्यच निघतो. मग हा येतो कशाला?" मामानं विचारलं.

"त्यांना खात्री करून घ्यायची सवय आहे."

मामानं 'हं' केलं. पाचव्या वेळी मात्र तो फ्रेमचा खोका घेऊन पडद्यापाशी आला आणि तिथंच थबकला.

"घरच्यांना संशय आलेला नाही ना?" आतून फोटोग्राफरचा आवाज आला.

"छे! कुणाला पत्ता नाही."

"बरं. गुरुवारी मी पायथ्याशी थांबतो. सामान कमी आणा. आणि एकदा निघालो की मागं वळून बघायचं नाही."

चढताना मागं बघितलं की पाय घसरतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण मामाच्या हातातला खोका खाली पडला आणि तो तसाच दुकान उघडं टाकून बहिणीच्या घरी धावला.

आईचा विश्वास बसेना. पण संध्याकाळी धाकटी अंघोळीला गेली असताना टेबलावरचा तिचा फोन वाजला, आणि आईनं निरोप वाचला. 'गरम मोजे घाला. चहाचा थर्मास मी आणतो. बाकी सगळं माझ्यावर सोडा.'

तिनं लगेच तिन्ही मुलींना फोन लावले.

दुसऱ्या दिवशी धाकटी दुकानात गेल्यावर तिन्ही बहिणी माहेरी जमल्या.

"बघा, 'घाला' म्हणतोय. अहो-जाहो करतोय! म्हणजे तसं काही नसेल," मधली म्हणाली.

"उलट! मुरलेला दिसतोय," थोरली म्हणाली.

"पण लग्न ठरलेल्या मुलीनं पळून कशाला जायचं?" तिसरीनं विचारलं.

"अगं, दुसऱ्याशी ठरलंय म्हणून!"

"वय काय त्याचं?" आईनं क्षीण आवाजात विचारलं.

मामानं खिशातून तपासणीचं कार्ड काढलं. "चोपन्न."

आईनं पाणी मागितलं. धाकटीला विचारायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. विचारलं तर गुरुवारपर्यंतही थांबायची नाही! पण जावईबापूंना अंधारात ठेवणं बरं नव्हे. ते सांगायला आई आणि तिन्ही बहिणी निघाल्या.

लिफ्टवाला एका जुन्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये, बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर उभा होता. पाचव्या मजल्याच्या फरशीवर त्याचं फक्त मुंडकं दिसत होतं. सकाळपासून तो तिथंच होता. आई गुडघे टेकून त्या मुंडक्यासमोर बसली.

"जावईबापू, मन घट्ट करा."

"हो," लिफ्टवाला म्हणाला आणि त्यानं हातातला पानाही घट्ट धरला.

"आमची धाकटी... गुरुवारी... एका फोटोग्राफरबरोबर डोंगरावर जातेय हो!"

कुणाला सांगणार नाही, असा त्यानं धाकटीला शब्द दिला होता. पण यांना तर सगळं कळलेलंच दिसत होतं. आणि खोटं बोलायला जी ताकद लागते ती त्या दिवशी त्याच्यात नव्हती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"मीच तिला म्हटलं, हा माणूस बरा वाटतो."

चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?" थोरलीनं विचारलं.

लिफ्टवाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "चढ जरा जास्त आहे. पण मी जातोय ना बरोबर."

"तुम्ही? त्यांच्याबरोबर?"

"मग! सामान कोण उचलणार?"

मधलीला हुंदकाच फुटला. "किती मोठ्या मनाचा माणूस! आणि अशाला सोडून चाललीय ती!"

"कुठला डोंगर?" आईनं डोळे पुसत विचारलं.

"पठाराचा. साडेआठला. पण मी सांगितलं असं तिला सांगू नका हं!"

"नाही सांगणार, बाळा," आई म्हणाली आणि तिनं त्याच्या तेलकट केसांवरून हात फिरवला.

घरच्यांनी रडत का होईना परवानगी दिली, असा लिफ्टवाल्याचा समज झाला. ही आनंदाची बातमी त्या संध्याकाळी धाकटीला द्यायची त्यानं ठरवलं होतं. पण घरी जाऊन जरा आडवा झाला तो सकाळीच उठला, आणि मग कामाच्या रगाड्यात सांगायचं राहूनच गेलं.

गुरुवारी सहाला तिघं चढायला लागली. सगळ्यात पुढं तीन पिशव्या आणि एक दुखरा गुडघा घेऊन फोटोग्राफर, मध्ये धाकटी आणि मागं धाकटीची पिशवी घेऊन लिफ्टवाला. दर दहा पावलांनी लिफ्टवाला विचारायचा, "हा कितवा मजला झाला असेल?"

"नैसर्गिक चाला, म्हणजे फोटो छान येतील," फोटोग्राफर म्हणायचा.

"नैसर्गिक चाललो तर मी खाली जाईन!"

सव्वाआठला माथा जवळ आला. धाकटीचे पाय भरून आले होते, पण मन कधी नव्हे इतकं हलकं झालं होतं. ना यादी, ना पाहुणे, नुसता वारा! तेवढ्यात ती थांबली.

"वर कुणीतरी खोकतंय."

"वाटसरू असेल एखादा," फोटोग्राफर म्हणाला.

"नाही. हा खोकला माझ्या मामाचा आहे."

तिघं वर पोचली. पठारावर बेचाळीस माणसं होती! घडीच्या खुर्च्या टाकून, शाली पांघरून बसलेली. मध्यभागी आई. मागं ओळीनं गाड्या.

"गाड्या वर आल्या कशा?" धाकटीनं विचारलं.

"मागच्या बाजूनं रस्ता आहे," फोटोग्राफर खाली बघत म्हणाला. "पण तो मी कुणाला सांगत नाही. चढून आल्याशिवाय चेहऱ्यावर भाव येत नाहीत."

"रस्ता... आहे?" असं विचारून लिफ्टवाला गवतावर उताणा पडला.

आईनं आणल्या होत्या तीन मुली, तीन जावई आणि मामा. बाकीच्यांना बातमी आपोआप कळली होती. 'येणार नाहीत' या पानावरची माणसं झाडून हजर होती! लग्नाला न येणारी मंडळी लग्न मोडायला अगदी वेळेवर आली होती.

आई उठून तडक फोटोग्राफरसमोर उभी राहिली. "शोभतं का हो हे तुम्हाला? चोपन्न वर्षांचे तुम्ही!"

"वयाचं नंतर बोलू. उजेड वीस मिनिटंच आहे. जरा बाजूला व्हा, नवरीवर तुमची सावली पडतेय," फोटोग्राफर कॅमेरा काढत म्हणाला.

"बघा, नवरी म्हणतोय!" मामा धावला. त्याला कॉलर धरायची होती, पण हातात आला कॅमेऱ्याचा पट्टा. दोघं त्या पट्ट्याला धरून गोल गोल फिरू लागले.

"मामा, सोड त्यांना! आई, अगं लग्न यांच्याशी नाही! लग्न याच्याशी!" धाकटी ओरडली आणि तिनं गवताकडे बोट दाखवलं. गवतातून एक हात वर आला.

"मग हे कोण?" आईनं विचारलं.

"फोटो काढणारे!"

मामानं पट्टा सोडला आणि तो सरळही करून दिला.

"पण जावईबापूंशी तर ठरलेलंच आहे," आई सावकाश म्हणाली. "मग पळून का चालली होतीस?"

बेचाळीस माणसं उत्तराची वाट बघत होती. धाकटीला थाप मारता आली असती. पण दोन तास डोंगर चढून आलेल्या माणसाला थाप सुचत नाही.

"तुझ्या यादीपासून पळत होते, आई. मला नाही गं झेपत."

आता वीज कोसळणार म्हणून तिन्ही जावई दोन पावलं मागं सरले. आई मात्र जवळच्या खुर्चीत बसली आणि तिनं कंबर धरली.

"मला तरी कुठं झेपतंय? तिसरीच्या लग्नापासून ही कंबर अशी आहे. पण तिघींचं थाटात केलं. तुझं नाही केलं तर म्हणशील, माझंच मेलं उरकून टाकलं."

"मी कशाला म्हणेन?"

"मग आधी बोलायचं ना!"

"तू यादी लिहीत होतीस."

"आणि तू शेजारी बसून बघत होतीस. मला वाटलं, तुला आवडतंय!"

आधी आईला हसू आलं आणि तिच्यामागं धाकटीलाही. हसता हसता दोघींचे डोळे कधी भरून आले ते कुणालाच नीट कळलं नाही.

"बारा मिनिटं उरली," फोटोग्राफर म्हणाला.

दोन जावयांनी लिफ्टवाल्याला उभा केला. अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्या झाल्या, त्या मात्र बेचाळीस माणसांच्या! फोटोग्राफरनं दोघांचे नेमके तीन फोटो काढले. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "आता सगळ्यांचा एक होऊन जाऊ दे." तो झाला. मग कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून आणखी एक. मग फक्त बहिणींचा, फक्त जावयांचा. "नवरा-नवरी, जरा बाजूला व्हा बरं, आमचा वेगळा घेऊ दे!" असंही कुणीतरी म्हणालं. फोटोग्राफरच्या चेहऱ्यावर हॉलमधल्या तीस वर्षांची कळा आली होती. शेवटी आईलाच त्याची दया आली. "बसा, गुडघा दुखतोय तुमचा," म्हणत तिनं त्याला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं.

बाजूला झालेले नवरा-नवरी एका मोठ्या खडकामागं उन्हात टेकले होते. बऱ्याच वेळानं आवाज थांबल्यासारखा वाटला, म्हणून ते बाहेर आले. पठार रिकामं होतं. वारा होता, ऊन होतं आणि गाडी एकही नव्हती.

"सगळे गेले?" लिफ्टवाल्यानं पोटऱ्या चोळत विचारलं.

"गेले."

"फोटोग्राफर?"

"तेही."

धाकटीचा फोन वाजला. पलीकडं आई होती, आणि तिच्यामागं चाळीसएक माणसं एकदम बोलत होती.

"काय गं, तुम्ही कुठल्या गाडीत आहात? इथं खाली येऊन मोजतोय, तर दोन माणसं कमी भरतायत! वर कोण राहिलंय का, बघ बरं जरा!"

धाकटीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"बघते हं, आई," ती म्हणाली. मग फोन बंद करून तिनं बूट काढले आणि पाय पसरून नवऱ्याशेजारी बसली.