दौलतरावांची घरगाडी

दर शनिवारी संध्याकाळी आमचे शेजारी दौलतराव प्रवासाला निघत. अंथरुणाची वळकटी, पाण्याचा तांब्या, कंदील आणि दाढीचं सामान घेऊन ते घराच्या पायऱ्या उतरत, अंगण ओलांडत, कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत चढत आणि आतून दार लावून घेत. तिथे त्यांचा मुक्काम. रविवारी सकाळी ते बादली घेऊन खाली उतरत आणि स्वतःच्याच घराची कडी वाजवत.

"बाई, थोडं पानी भेटन काय?"

दारात त्यांच्या पत्नी, अनसूयाबाई, येऊन उभ्या राहत. "कोनत्या गावचे पाव्हणे?"

"असेच, वाटेनं चाललो होतो."

"मंग घ्या आन् व्हा बाजूले. मले सडा टाकाचा हाय."

यात दोघांपैकी कोणीही हसत नसे. हसायचो आम्ही, भिंतीपलीकडून. मी तेव्हा मंगरूळपीरच्या शाळेत नवाच मास्तर लागलो होतो आणि माझी भाड्याची खोली त्यांच्या अंगणाला लागून होती. पहिल्या रविवारी हा संवाद ऐकला तेव्हा वाटलं, नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या रविवारी वाटलं, दोघांच्याही डोक्यात बिनसलंय. तिसऱ्या रविवारी दौलतरावांनी मलाच गाडीत चहाला बोलावलं.

दौलतराव रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. गल्ली त्यांना 'ओव्हरशेर साहेब' म्हणे. दुष्काळाच्या साली खडी फोडण्याची कामं निघाली, ती उरकून ते रिटायर झाले आणि लगेच एका लिलावातून ही गाडी घेऊन आले. पूर्वी ती गावोगाव फिरून भिंतीवर सिनेमे दाखवायची. अंगणात शिरली त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं पोती घेऊन समोर जागा धरून बसली होती म्हणे. दौलतरावांनी त्यांना सिनेमा दाखवला नाही, पण टायरात हवा किती असावी ते समजावून सांगितलं. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं.

गाडीचं त्यांनी घर केलं. घरगाडी. मागे फळ्यांचा पलंग, त्याखाली धान्याचे डबे, कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, पाण्याचा पिंप, भांड्यांची मांडणी. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, दोन्ही चारही कोपऱ्यांत स्क्रूनं आवळलेल्या. "खिळ्यावर टांगलेली तसबीर गाडीत चालत नाही, मास्तर. पयल्या खड्ड्यात देव आपल्या मांडीवर येते." जायचं होतं अजिंठ्याला, तिथून सांचीला, तिथून बुद्धगयेला. फक्त तयारी व्हायची होती.

आणि तयारी म्हणजे काय, हे मला त्या गाडीत बसून कळलं. दौलतरावांचा मुख्य सिद्धांत एकच होता: "निंघाच्या आधी निंघून पाहाव." म्हणून शनिवारचा मुक्काम. अंगणातच एक रात्र काढली की कळतं, काडेपेटी घरात राहिली, उशी आखूड पडते, दार आतून नीट लागत नाही. "हे अजिंठ्याले कळलं तं काय करसान? इथं कळलं तं बायको वीस पावलावर हाय."

उभी गाडी हे त्यांच्या मते दुखणाईत माणसासारखं प्रकरण. तिची कूस बदलावी लागते. नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटं होतं. म्हणून दर बाजाराच्या दिवशी ते गाडी हातभर पुढे घेत, पुढच्या बाजारी हातभर मागे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा फुलोरा चढला की कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धूत आणि वर ग्रीस चोपडत. अनसूयाबाईंच्या भज्यांतला सोडा नेहमी संपलेला असायचा तो यामुळे. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या. त्यामुळे गाडी सुरू झाली की बंद ट्रंक उघडल्यासारखा वास गल्लीभर पसरे.

"पिंप अर्धा ठेवाचा नाही," ते मला बजावत. "भरून तरी न्या, नाही तं खाली तरी न्या. अर्धं पानी वळणावर गाडीले ओढते. घासलेटचा डबा भायेर बांधाचा. स्टो पेटला का दार उघडं पाह्यजे, मंग कितीही थंडी असो."

माझ्याकडे सायकलसुद्धा दुसऱ्याची होती. पण दौलतरावांना समोरच्याकडे गाडी आहे की नाही याच्याशी काही घेणंदेणं नसे. वरात निघाली की हे नवरदेवाच्या जीपखाली वाकून तेल गळतंय का पाहत. बाजारात बैलगाडी दिसली की वंगण कधी घातलं ते विचारत. एका माणसाने वैतागून सांगितलं, "साहेब, बैल माह्या मामाचे हायत, गाडी काकाची हाय, म्या नुसता बसलो हाव." त्यावर दौलतराव म्हणाले, "मंग बसाच्या आधी पाहाव ना बापा."

माझा खरा उपयोग त्यांनी आवाज शोधायला केला. ते गाडी चालवत गावाबाहेर चक्कर मारायचे आणि मी मागे पलंगावर बसून काय खडखडतंय ते ओळखायचं.

"मास्तर, काय वाजून राह्यलं?"

"चमचा."

"कोनता?"

"भाताचा असावा."

गाडी थांबे. दौलतराव मागे येत, भाताचा चमचा चिंधीत गुंडाळत, पुन्हा जागेवर जात. दोन भांड्यांच्या मधे चिंधी, कपबशीच्या मधे चिंधी, किसणीच्या पाठीला चिंधी. घरातली सगळी जुनी लुगडी गाडीत गेली. शेवटी काहीच वाजेना तेव्हा ते अस्वस्थ झाले. "इतकी चूप काहून हाय? काही पडलं तं नाही?"

अनसूयाबाई या सगळ्यात नव्हत्या. त्या विरोधही करत नसत. रविवारी पाणी देत, मागितलं तर सोडा देत. अजिंठ्याचा विषय निघाला की म्हणत, "जाऊ ना, तूर घरात आली का जाऊ." तूर आली की, "पोरगा नागपूरवून येनार हाय, तो येऊन गेला का जाऊ." दौलतरावांना ते सोयीचंच होतं, तयारीला आणखी महिना मिळे. एकदा मात्र मी विचारलं, "काकू, तुम्हाला फिरायची हौस नाही का?"

त्या डाळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "ह्यायले लय हौस हाय. नोकरीत बदल्या झाल्या तं हे म्होरं जीपनं जात, चार्ज घ्यायले. म्या मांगून सामानाच्या ट्रकात येओ. आता म्हनतात, संगं जाऊ. येवडं करून राह्यला मानूस, तं नाही कसं म्हनाव?"

शेवटी पोहरादेवीचं ठरलं. लांबच्या प्रवासाआधी एक जवळची फेरी. यात्रेचे दिवस नव्हते, रस्ता मोकळा मिळणार होता. शिवाय वाटेतल्या मानोऱ्याकडच्या रस्त्याचा बराचसा तुकडा दौलतरावांच्याच हातचा होता आणि तो त्यांना बायकोला दाखवायचा होता. आवाज शोधायला मी होतोच.

सकाळी गल्ली जमली. दौलतरावांनी तेल पाहिलं, पाणी पाहिलं, चारी टायरांना लाथ मारून पाहिली, दिवे लावून पाहिले. मग अनसूयाबाई बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, एका मुठीत लिंबू. पलंगावर माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी फळी घट्ट धरली. गाडी अजून सुरू व्हायची होती.

"चहा घेतला का काकू?" मी विचारलं.

"नाही. कालपासून काही घेतलं नाही."

गाव सुटलं आणि पुढून दौलतरावांचं व्याख्यान सुरू झालं. ही मोरी कोणत्या उन्हाळ्यात बांधली, या वळणाला मुरूम कुठून आणला, इथे मजुरांना पाणी कसं पोचवलं. प्रत्येक वाक्याला एक खड्डा होता. मी म्हणालो, "रस्ता जरा खराब वाटतो."

"रस्ता चांगला हाय," पुढून उत्तर आलं. "गाडीच्या स्प्रिंगाचे पाटे कडक हायत."

मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ मिटलेले, कपाळावर घाम, लिंबू नाकाशी. मी पुढच्या खिडकीवर थाप मारायला हात उचलला तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको. पुढून विचारणा झाली, "मास्तर, काय वाजून राह्यलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

मानोऱ्याच्या अलीकडे त्यांना राहवेना. त्या दाराकडे झेपावल्या, मी ओरडलो, गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी ओकारी काढली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी. दौलतराव तांब्या घेऊन धावत आले आणि तसेच उभे राहिले.

"तुले गाडी लागते?"

त्यांनी मान डोलावली.

"कव्हापासून?"

"लगन झालं तव्हापासून."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

अनसूयाबाईंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमी कव्हा होते गाडीत?"

बदल्या झाल्या त्या गावांची नावं दौलतरावांना पाठ होती. प्रत्येक गावी ते आधी पोचले होते आणि प्रत्येक गावी बायको मागून ट्रकातून उतरली होती, तोंड धुऊन, लगेच चूल मांडायला. ते खाली बसले आणि बोटाने रस्त्याची खडी उकरत म्हणाले, "रस्ता खराबच केला म्या."

"रस्त्याले काय झालं?" अनसूयाबाई म्हणाल्या. "माह्यं डोस्कंच फिरते."

गाडी तिथूनच वळवली. परत येताना व्याख्यान नव्हतं. वेग इतका कमी की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली आणि गाडीवानाने वळून वळून पाहिलं.

त्यानंतर शनिवारचे मुक्काम बंद झाले. कडुनिंबाचा पाला टपावर साचला, कोंबड्या चाकांजवळ अंडी घालू लागल्या. गल्लीने ठरवलं की ओव्हरशेर साहेब गाडी विकणार. एक गिऱ्हाईक येऊनही गेलं. अनसूयाबाई मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, तुमी सांगा ना त्यायले. शनवारी झोपत जा म्हनाव. घरात त्यायले झोप येत नाही."

मी काही सांगायच्या आत एका सकाळी ठोकाठोक ऐकू आली. दौलतरावांनी मागचा पलंग अर्धा कापला होता आणि पुढे, आपल्या जागेच्या बाजूला, एक रुंद बैठक बसवत होते. गादी जाड, पाठ उंच, समोर अख्खी काच. पाटे सोडवून वाशीमला नेले, बदलून आणले. डांबरगोळ्या काढून फेकल्या. "त्या वासानं मलेच मळमळते," ते म्हणाले. इतकी वर्षं कधी मळमळलं नव्हतं.

मग संध्याकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी गाडी अनसूयाबाईंना पुढे बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली. काही दिवस तेवढंच. नंतर दर्ग्याच्या रस्त्यापर्यंत. नंतर गावाबाहेरच्या पहिल्या मोरीपर्यंत. गाडीचा वेग पायी माणसाचा. सायकलवाले पुढे जाताना विचारत, "साहेब, बंद पडली काय?" दौलतराव सांगत, "इंजन नवं बसवलं हाय, त्याले सावकाश चालवाव लागते." इंजिन जुनंच होतं. अनसूयाबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे एक डोळा ठेवून ते चालवत आणि तिथे जरा रंग बदलला की "गरम झालं वाटते" म्हणत गाडी थांबवून बॉनेट उघडत. त्या खाली उतरून वारा घेत. कधी बोरं वेचत. बॉनेट किती वेळ उघडं राहायचं, ते बोरांवर होतं.

हिवाळ्यात, तुरी सोंगणीला आल्या तेव्हा मी एका विद्यार्थ्याच्या घरून सायकलने परतत होतो. दिवस मावळतीला होता. मानोऱ्याच्या वाटेवर, बऱ्याच लांब, घरगाडी कडेला उभी दिसली आणि रस्त्याच्या मधोमध दौलतराव. मी घंटी वाजवली तसे ते दोन्ही हात हलवत धावत आले.

"वाजवू नका, वाजवू नका."

"बंद पडली का?"

ते माझ्या कानाशी आले. "झोपली ना ते."

मी काचेतून पाहिलं. अनसूयाबाई उंच पाठीला डोकं टेकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. ओंजळीतली दोन बोरं गादीवर घरंगळली होती.

"चालत्या गाडीत," दौलतराव कुजबुजले. "म्या बोलून राह्यलो होतो, अन् पाह्यलं तं झोपली. मंग इंजन बंद केलं. तास झाला त्याले." त्यांना हसू आवरत नव्हतं आणि मोठ्याने हसताही येत नव्हतं.

तेवढ्यात मानोऱ्याकडून बस येताना दिसली. दौलतराव तिच्याकडे पळाले. मी सायकल आडवी टाकून मंगरूळच्या बाजूला उभा राहिलो, उगाच तिकडून एखादा ट्रक आला तर. बस थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं? धक्का पाह्यजे काय?"

"नाही बापा. हॉर्न नको वाजवू. बाई झोपली हाय."

ड्रायव्हरने गाडीकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं. मग त्याने बस अगदी सावकाश पुढे घेतली, रस्त्याची पार दुसरी बाजू धरून. खिडक्यांतून सगळी माणसं वाकून एका झोपलेल्या बाईकडे पाहत गेली.

तरी त्या जाग्या झाल्याच. काचेतून आधी त्यांना मी दिसलो, मग नवरा.

"थांबले काहून?"

"इंजन तापलं होतं," दौलतराव म्हणाले.

अनसूयाबाई खाली उतरल्या. पुढे जाऊन त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. तो तसाच थोडा वेळ ठेवला. ते थंडगार असणार, मला कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गादीवरची बोरं उचलली, एक माझ्या हातावर ठेवलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

"मास्तर, घरी जाऊन राह्यले ना? शेजारच्या मंजुळेले सांगा, माह्या कोंबड्या झाकून टाक म्हनाव. आमाले उशीर होईन."

दौलतराव दारावर हात ठेवून उभे होते. "आता घरीच जाच हाय ना?"

"कायले?" त्या समोरच्या काचेतून पाहत म्हणाल्या. "मानोरा किती राह्यलं?"

दौलतरावांनी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. इंजिन सुरू झालं आणि घरगाडी पायी माणसाच्या चालीनं मानोऱ्याकडे निघाली.