बपेऱ्याच्या गाडीची हजेरी

रस्ता ही विकासाची जीवनवाहिनी असते. आमच्या तुमसर-बपेरा रस्त्याच्या उद्घाटनात हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. शालिकरामकाकांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्यांच्या गाडीच्या जाळीतून ते चिमट्याने एक भुंगा काढत होते.

काका माझे शेजारी. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाले ते चिमटा आणि हजेरीची सवय घेऊन. रोज सकाळी बपेऱ्याची बस स्टँडवर लागली, की पुढच्या जाळीत अडकून मेलेले किडे काढायचे आणि वहीत लिहायचे: नाकतोडे हजर, चतुर गैरहजर.

"काका, काच बी पुसून द्या ना जी," ड्रायव्हर म्हणायचा.

"तुले काचेची पडली. मले चिंता होऊन राहिली!"

चिंता अशी, की रुंदीकरणात कडेच्या बाभळी गेल्या आणि तेव्हापासून जाळी दिवसेंदिवस स्वच्छ येऊ लागली.

"मग बरंच की," मी म्हणालो. "किडे कमी मरताहेत."

नापास पोराकडे पाहावं तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मराले आधी जित्तं असावं लागते ना, बाबू!"

त्यांना सलत होता सोनकिडा. बाभळीवरचा, हिरवा झळझळीत. काकी बपेऱ्याच्या. लग्नापासून दर श्रावणात काका त्यांना माहेरच्या रस्त्यावरच्या सोनकिड्याच्या पंखाची टिकली करून देत. गुडघ्यांमुळे काकी आता घराबाहेर पडत नाहीत. बाभळी गेल्याचं त्यांना कुणी सांगायचं नाही, अशी आख्ख्या गल्लीला काकांची तंबी आहे.

यंदा श्रावण सरत आला. काकी रोज विचारत, "काहून जी, औंदा मले विसरले का?" काका चपला घालून पुन्हा स्टँडवर जात.

पोळ्याच्या आदल्या सकाळी जाळीत हिरवा पंख चमकला. काकांनी तो चिमट्याने नव्हे, बोटांनी काढला. गाडीभोवती एक चक्कर मारली, ड्रायव्हरला काही विचारलं, वहीत नोंद केली आणि जवळजवळ पळतच घरी आले. मी त्यांच्या मागे.

काकींनी टिकली लावून आरशात पाहिलं. "बपेऱ्याचाच ना?"

"मंग? तुह्या बाभळीवरचाच."

काकी चक्क लाजल्या. कुठे पाहावं ते न कळून मी कोनाड्यातली वही उघडली. शेवटची नोंद सुवाच्य अक्षरात होती: "गाडी बदलीची. काल गडचिरोलीहून आलेली. सोनकिडा गैरहजर."