उंबऱ्यावरचं कोडं

“पाहुणी तुझ्या कोड्यात अडकली ना, तर गेममधली सगळी कोडी जातील. आणि कोड्यांच्या मागोमाग तूही,” तिमोननं सकाळी आल्या आल्या सांगून टाकलं.

पोलंडमधल्या लुब्लिन शहरातल्या त्या छोट्याशा कचेरीत तिमोन मालक होता आणि कॉर्नेल कोडी रचायचा. ‘धुक्याचं राज्य’ हा त्यांचा व्हिडिओ गेम. त्यात तलवारी, बुटके, राक्षस, आणि दर दोन पावलांवर वाट अडवून कोडं घालणारं कुणी ना कुणी. हा गेम बाजारात आणू शकणारी कंपनी हॉलंडची होती आणि तिच्या मार्लूसबाई आज स्वतः खेळून बघणार होत्या. याआधी आलेले एक गृहस्थ पहिल्याच राक्षसापाशी असे अडकले, की जेवून येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत.

म्हणून कॉर्नेलनं आठवडाभर बसून सगळ्या कोड्यांत पाणी ओतलं होतं. जो राक्षस पूर्वी काळ आणि सावली यांबद्दल काहीतरी गहन विचारायचा, तो आता “चार पाय, दोन शिंगं, दूध देते, ओळखा कोण?” असं विचारत होता. कॉर्नेलला स्वतःचीच लाज वाटत होती. पण नोकरी गेली असती तर आईला तोंड दाखवायची सोय नव्हती. “कोडी घालून कुणाचं पोट भरतं का रे?” हे तिचं वाक्य तो शाळेपासून ऐकत आला होता, आणि अजून तो राहायचाही तिच्याच घरी.

तिमोन मार्लूसबाईंना स्टेशनवरून घेऊन आला. बाई उंच, शांत आणि अजिबात न हसणाऱ्या. खुर्चीत बसता बसताच त्यांनी बजावलं, “मला कुणी मदत करायची नाही. उद्या गेम विकला गेल्यावर लोकांच्या घरी जाऊन मदत करणार आहात का? उत्तर सांगितलंत की मी उठले.”

गाय त्यांनी ओळखली. अंडं ओळखलं. चंद्र ओळखताना जांभई दिली. “हे काय बालवाडीसाठी आहे का?” असं त्यांनी विचारलं तेव्हा तिमोननं कॉर्नेलकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की कॉर्नेल खिडकीबाहेर बघू लागला. अवघड केलं तरी मार, सोपं केलं तरी मार. माणसानं करावं तरी काय?

मग बाई बुटक्यांच्या नगरीच्या दाराशी पोचल्या. इथे कोडंबिडं काही नव्हतं. कॉर्नेल तर निर्धास्तपणे कॉफी आणायला उठलासुद्धा. दारात एक दाढीवाला म्हातारा बुटका उभा असतो, तो हात पुढे करून “ये रे पाहुण्या, हात दे!” म्हणतो. माणूस आत शिरतो, हात मिळवतो आणि पुढे जातो. एवढंच.

बाईंनी बाहेरूनच हात दिला.

उंबऱ्याखाली खडखडाट झाला, फळी सरकली आणि बाईंचा शूर योद्धा तलवारीसकट तळघरातल्या बार्श्चच्या कढईत पडला. बिटाच्या त्या सारात नखशिखांत लाल होऊन पुन्हा दारासमोर उभा राहिला.

“पडलं! अखेर कुणीतरी पडलं!” चित्रं काढणारी विओलेत्ता तोंडावर हात ठेवून पुटपुटली. “किती जीव ओतून काढली होती ती कढई मी! आजवर एक मेलं माणूस पडलं नव्हतं तिच्यात.”

बाईंनी पुन्हा हात दिला. पुन्हा कढई. आता त्या खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी योद्ध्याची तलवार काढून ठेवली आणि हात दिला. कढई. बुटक्याला मासा देऊ केला, बासरी वाजवून दाखवली, चौकटीवरची नक्षी डोळे बारीक करून वाचून बघितली. ती नक्षी विओलेत्तानं आपल्या आत्याच्या सतरंजीवरून उचललेली होती, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. मग पुन्हा हात, पुन्हा कढई.

तिमोननं कॉर्नेलला दंडाला धरून कॉफीच्या यंत्रामागे ओढलं. “इथे कसलं कोडं घुसडलंस, गाढवा?”

“इथे कोडं नाहीच आहे!”

“मग ती मरतेय कशी?”

“घरात शिरता येत नाही तिला, त्याला मी काय करू? सरळ आत...” कॉर्नेल बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा पडला. “तिमोन, ती उंबऱ्यावरून हात देतेय.”

“छ्या! असं कोण देतं?”

“ती देतेय! आणि उंबऱ्याखाली घराचा राखणदार असतो ना, त्याच्या डोक्यावरून हात मिळवला की तो चिडतो. मीच लिहिलं होतं गंमत म्हणून. आपल्यातला एकही पडला नाही, म्हणून मी विसरूनच गेलो.”

“देवा रे!” तिमोन डोक्याला हात लावून म्हणाला. “हॉलंडात कुणी वळण लावत नाही का माणसांना?”

बोलायची तर बंदी. तेव्हा कॉर्नेलला एक युक्ती सुचली, आणि त्याला युक्त्या सुचू नयेत हेच बरं. तो कचेरीच्या दाराबाहेर गेला, दारावर टकटक केली, उंबरा चांगला पाय उचलून ओलांडला आणि आत येऊन तिमोनशी हात मिळवला. “नमस्कार, तिमोन!”

“नमस्कार, नमस्कार!” तिमोनही कामाला लागला. मग तो बाहेर गेला आणि आत आला. मग विओलेत्ता. कचेरीतली सगळी माणसं रांगेनं बाहेर जाऊन आत येऊ लागली आणि एकमेकांचे हात जोरजोरात हलवू लागली.

मार्लूसबाईंनी मान वळवून थोडा वेळ हा सोहळा पाहिला. “रोज असंच चालतं का तुमचं?”

“हो, म्हणजे... आम्ही फार प्रेमळ आहोत,” तिमोन घाम पुसत म्हणाला.

“मग काम कधी करता?” असं विचारून बाई पुन्हा कढईत पडल्या.

शेवटी त्यांनी माउस बाजूला ढकलला, कोट उचलला आणि त्या दाराकडे निघाल्या. कॉर्नेलनं मनाशी हिशेब मांडला. नोकरी गेली, कोडी गेली, आणि आता संध्याकाळी आई विचारणार. तेवढ्यात दार उघडलं आणि समोर आईच उभी! लेओकाडियाबाईंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीतून त्सेबुलाझ या कांदा घातलेल्या पावाच्या भाजलेल्या कांद्याचा वास. लेक डबा विसरून गेला होता.

मार्लूसबाई शिष्टाचाराच्या पक्क्या. रागात असूनही त्यांनी दारातून हात पुढे केला.

लेओकाडियाबाईंनी आपला हात झटकन पाठीमागे लपवला. “अगं बाई! उंबऱ्यावरून? आणि आज शुक्रवार!” त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळे वटारायला भाषा लागत नाही. त्यांनी बाईंना हातानंच मागे सरकवलं, पायपुसण्यावर बूट पुसले, उंबरा ओलांडून आत आल्या आणि मग बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन प्रेमानं हलवला. “हं, आता कसं! काय म्हणता, बऱ्या आहात ना? किती वाळलीये ही बिचारी!”

मार्लूसबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं, लेओकाडियाबाईंकडे पाहिलं, आणि कोट तसाच टाकून त्या धावत खुर्चीकडे गेल्या. योद्धा सरळ आत शिरला. बुटका हसला, हात मिळवला, नगरीत नगारे वाजू लागले.

“आम्ही काही सांगितलेलं नाही हं!” तिमोन घाईघाईनं म्हणाला. “ही आमच्या कचेरीतली नाही, ही त्याची आई आहे!”

पण मार्लूसबाई चक्क हसत होत्या. “इतक्या वर्षांत इतकं अवघड कोडं मी पाहिलं नव्हतं. समोर आहे आणि दिसत नाही! कुणी रचलं?”

सगळ्यांनी कॉर्नेलकडे बोट दाखवलं.

“बाकीची काढून टाक. गाय ओळखायला मी एवढ्या लांबून आलेले नाही. अशी बारा कोडी दे मला. कोडं आहे हेच कळायला नको. पुढच्या महिन्यात दाखव. जमलं तर करार, नाही जमलं तर राम राम.”

झालं! त्या दिवसापासून कॉर्नेलची झोप उडाली. कोडं रचायला सांगा, तो एका दमात दहा रचील. पण जे आपल्याला दिसतच नाही, ते शोधायचं कुठे?

“आपण आणखी काय काय करतो गं?” त्यानं विओलेत्ताला विचारलं.

“करतो काय? सगळी माणसं करतात तेच,” ती म्हणाली.

आईला विचारलं, तर ती उखडलीच. “आपल्याकडे असलं काही नाही हं! शिकली-सवरलेली माणसं आहोत आपण.”

महिना संपला. कॉर्नेल घरच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला. पडद्यावर मार्लूसबाई, समोर कोरा कागद. मागे आई त्याचं जेवण झाकून ठेवून दंतवैद्याकडे निघाली होती.

“एकही नाही?” बाईंनी विचारलं.

“एकही नाही,” कॉर्नेल रडवेल्या आवाजात म्हणाला. “खरं सांगतो, आमच्याकडे तसलं दुसरं काही नाहीच. तेवढं एकच होतं.”

बाहेरचं दार वाजलं आणि आई पुन्हा आत आली. तिनं कोपऱ्यातली छत्री घेतली, खुर्ची ओढून बसली आणि समोर बघत ओठ हलवू लागली.

मार्लूसबाई पडद्याजवळ सरकल्या. “तुझी आई काय करतेय?”

“काही नाही, छत्री विसरली होती.”

“ती तर घेतली. मग बसली का?”

“अर्ध्या वाटेतून परत आली ना.”

“हो, पण बसली का?”

“दहा मोजायला.”

“दहा का?”

कॉर्नेलला बाईंची कीवच आली. एवढ्या हुशार, पण साध्या साध्या गोष्टी कशा कळत नाहीत! “अहो, मग किती मोजायचे?”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “कॉर्नेल,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “हे पहिलं. आता आईला जाऊ देऊ नकोस.”

कॉर्नेलनं आधी बाईंकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. तो धडपडत उठला. “आई! ए आई, थांब! परत ये!”

जिन्यावरची पावलं थांबली. लेओकाडियाबाई धुसफुसत परत आल्या आणि उंबऱ्याच्या आत येऊन पोराकडे रागानं बघू लागल्या.

“मागून हाक मारलीस? मेल्या, आता परत बसा आणि परत दहा मोजा!” असं म्हणून त्यांनी छत्री मांडीवर घेतली आणि खुर्ची ओढली.