पांढऱ्या कुत्र्याची सोय

पुस्तक लिहिणे हे एकट्याचे काम नाही, हे आमच्या लेनिनग्राडात कुणीही मान्य करील. एक जण लिहितो, नऊ जण सुधारतात. देव त्या नवांचे भले करो. त्यांच्यामुळे चुकांचा भार एकट्या लेखकावर पडत नाही. (पडतो, पण तो दुसऱ्या कार्यालयात.)

माझे स्नेही वेनेदिक्त ल्वोविच यांची साहित्यसेवा वीस वर्षांची. छापील पुस्तके सात, त्यांत स्वतःची वाक्ये अदमासे चाळीस. आठव्या कादंबरीत त्यांना एकच पान वाचवायचे होते: शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात त्यांच्या आईने कातडी पट्टा उकळून त्याचे पाणी पोरांना पाजले आणि "माझं झालंय" म्हणून स्वतः उपाशी निजली, ती उठलीच नाही, ते पान.

अशा कामी आमच्याकडे जुनी रीत आहे. मजकुरात एक पांढरा कुत्रा सोडायचा, म्हणजे लांबूनही दिसेल असा ढळढळीत गुन्हा. छपाईआधी मजकूर तपासणारा सरकारी नियंत्रक तो हाकलतो आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात बाकीचे सोडून देतो. वेनेदिक्तनी कुत्रा म्हणून पक्षाचा जिल्हा सचिव घेतला. तो झिंगून काकड्यांच्या लोणच्याच्या पिंपात पडतो, आतून भाषण चालूच ठेवतो, आणि सभा उभी राहून टाळ्या वाजवते.

नियंत्रकाला लेखकाने भेटायचे नसते (तो नसतोच, फक्त शिक्का असतो). निरोप संपादिका ग्लाफिरा पाव्लोव्हना आणतात. चहा ओतत त्या म्हणाल्या,

"अहो, हसून हसून वरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं! पिंप ठेवा म्हणाले. फक्त सचिवाचा गोदामप्रमुख करा."

"ठेवा? सगळं?"

"सगळं. पण काहीतरी काढायलाच हवं ना, वेनेदिक्त ल्वोविच? कोरा अहवाल गेला तर त्यांनी वाचलंच नाही असं व्हायचं. म्हणून ते आईचं पान काढलं."

"ते खरं घडलंय हो, ग्लाफिरा पाव्लोव्हना!"

"तेच तर. पिंप खोटं आहे, त्याला कोण हरकत घेणार? मुरंबा घ्या ना थोडा."

चाळीस हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. वाचकांची एक हजार नऊ पत्रे आली. त्यांपैकी नऊशे नव्वद जणांना गोदामप्रमुख पुढच्या पुस्तकातही हवा होता. उरलेल्यांनी लोणच्याची कृती विचारली.

तेव्हा मंडळी, नियंत्रकाला बोल लावू नका. तुम्हांला तर ते पान मी न खोडता सांगितले. तरी तुम्ही पिंपापाशी हसलात, आणि त्या बाईचे नाव काय, हे अजून एकानेही विचारलेले नाही.