अहो, चेन गेली!

"सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल!" असं म्हणून आप्पांनी सोफ्यावरच मांडी घातली. आता हे लवकर उठत नाहीत, हे घरच्यांनी ओळखलं.

प्रकरण असं होतं. मुलगा आणि सूनबाई आप्पांना आणि सासूबाईंना घेऊन परदेशात मोटारसायकलवरून हिंडायला निघणार होते. दोघांना दोन मोटारसायकली आणि मागून सामानाची मोटार, सगळं भाड्याचं. प्रश्न एवढाच होता, की आप्पांसाठी तिसरी मोटारसायकल घ्यायची की त्यांना बायकोशेजारी सामानाच्या मोटारीत बसवायचं! सामानात गणना होणार या कल्पनेनेच आप्पांची झोप उडाली होती.

"परका मुलूख, आप्पा. आडरस्त्याला गाडी बंद पडली तर काय कराल?" सूनबाईने विचारलं.

"पडली तर? अगं, पडली होती! मागे तुझ्या सासूला घेऊन अशाच परक्या मुलखात गेलो होतो ना, तेव्हा!"

सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालून निळ्या बॅगेत भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"घाट चढत होतो. इकडे कडा, तिकडे दरी, मधे मी. आणि खाड्‌! गाडीची चेन तुटली, उडाली ती थेट दरीत! खाली कुणीतरी कळवळल्याचं ऐकू आलं."

"कुठल्या भाषेत?" मुलाने विचारलं.

"लागल्यावर सगळे एकाच भाषेत ओरडतात! तर, एक ट्रकवाला थांबला. माणूस कसला, कपाटच! बोलायला लागला तर वाटलं, गुळण्या करतोय. मी मराठीतच सांगितलं, बाबा रे, चेन गेली. त्याने लांबवर हात केला. म्हणजे, पुढे शंभर मैल गॅरेज नाही."

"हात केल्यावर एवढं कळलं?"

"हात किती लांब करतो ते बघायचं असतं! मग मी डोकं चालवलं. चेन गेली ना? चेनच लावू! हिच्या बॅगेची चेन उसवली आणि चढवली गाडीच्या दातेरी चाकावर. दातांत दात असे बसले, की ट्रकवाला मटकन खाली बसला! गिअर टाकला, आणि गाडी सर्रर्र! आवाज नाही की धक्का नाही."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक दाबला की चेन बंद, सोडला की उघडी! उतारावर तर पुढची मोटार आणि मी एकमेकांत अडकलो. शेवटी पोलिसाने येऊन आम्हाला उघडलं. जाताना सलाम ठोकला!"

सूनबाईची हसून हसून मुरकुंडी वळली. "घेऊन टाकू या तिसरी!" म्हणत तिने फोन हातात घेतला. आता आप्पांनी गप्प बसायला काय हरकत होती? पण छे!

"पुरावा हवाय? हीच ती निळी बॅग!"

सूनबाईने बॅग ओढली. सर्रर्र! चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"आप्पा! ही तर जागेवर आहे!"

"नवी बसवली असेल हिने."

"तुटली कुठे होती नवी बसवायला?" सासूबाईंनी घडी खाली ठेवली. "घाट नाही की दरी नाही, सपाट रस्ता! बॅग माझ्या मांडीवर. तिची चेन उघडली आणि एकेक कपडा उडायला लागला. मी मागून ओरडले, 'अहो, चेन गेली!' यांनी गाडी थांबवली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही, आणि गाडीची धडधाकट चेन काढून रस्त्यावर ठेवली!"

"आणि ट्रकवाला?"

"त्या बिचाऱ्याने माझे कपडे गोळा केले. हात करकरून सांगत होता, गॅरेज ते काय समोर!"

फोन बाजूला पडला. आप्पांनी घसा खाकरला.

"पण काढली किती सफाईने, ते सांग की!"

"काढली हो! लावता आली का?"

सूनबाईने निळी बॅग उचलून आप्पांच्या मांडीवर ठेवली.

"सामानाच्या मोटारीत, आप्पा. आणि चेनकडे तेवढं लक्ष ठेवा."

आप्पांनी बॅगेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बारीक आवाजात विचारलं,

"कुठल्या?"